कणगी भरलेली, सूप लहान



"आता हिचं वय झालं, हिच्या काही लक्षात राहत नाही." घरात, गटाच्या बैठकीत हे वाक्य आपण सहज बोलून जातो. बोलणारी विसरते, ऐकणारी विसरत नाही. मग ती हिशेबाच्या वहीला हात लावायला बिचकते, बँकेत जायला नको म्हणते. म्हणून वय आणि लक्ष यांचं नातं आज आपण समजून घेऊ.

आधी एक गंमत करू. आम्ही चार आकडे सांगतो, तुम्ही ते उलटे म्हणा. ३, ८, ५, १. जमलं का? आकडे धरून ठेवायचे आणि त्याच वेळी फिरवायचेही, हे काम करणाऱ्या शक्तीला कार्यकारी स्मृती म्हणतात. तोंडी हिशेब करताना, कुणाचं बोलणं शेवटपर्यंत ऐकताना तीच कामाला येते.

आपल्या घरातली कणगी आणि सूप डोळ्यांसमोर आणा. आयुष्यभर शिकलेलं सगळं कणगीत साठलेलं असतं. पण पाखडायचं तर सुपातच घ्यावं लागतं, आणि सुपात मावतं थोडंच. जॉर्ज मिलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९५६ साली मांडलं, की माणूस एका वेळी साधारण ७ गोष्टी ध्यानात धरतो. पुढे २००१ साली नेल्सन कोवन यांनी सांगितलं, की खरा आकडा ४ च्या आसपास आहे. हा आकडा तरण्याताठ्या माणसांचा बरं का! म्हणजे सूप सगळ्यांचंच लहान.

मग वयानं काय बदलतं? कपाळामागचा मेंदूचा भाग हळूहळू आक्रसतो, मेंदूच्या कामाचा वेग मंदावतो. सूप आणखी थोडं लहान होतं. दुसरं म्हणजे खडे बाजूला सारणं अवघड जातं. लिन हॅशर आणि रोझ झॅक्स या दोघी संशोधक बायकांनी १९८८ साली हाच विचार मांडला: उतारवयात नको असलेली गोष्ट लक्षातून दूर ठेवणं कठीण होतं. शेजारी टीव्ही, मांडीवर नातवंड, मध्येच फोन, हे सगळे सुपातले खडे. मोजता मोजता आकडा निसटतो तो यामुळे.

कणगी मात्र रिकामी होत नाही. शब्दांचं भांडार, माणसांची पारख, पेरणीचं नि बाळंतपणाचं ज्ञान उतारवयातही टिकतं. शब्दसंग्रह तर साठीपर्यंत वाढतही राहतो.

आता आपण काय करू शकतो? गटात पैसे मोजणं चालू असताना कुणी मध्ये बोलायचं नाही. एका वेळी एकीनंच बोलायचं. ज्येष्ठ बाईला एका दमात पाच कामं सांगू नका. एक सांगा, ते झालं की दुसरं. आकडे वहीत लिहा. गोळ्यांची वेळ जेवणाशी जोडा. फोनवर कुणी घाई करून ओटीपी मागितला तर फोन ठेवून द्या. घाई केली की विचार करायला जागा उरत नाही, हे फसवणाऱ्यांना ठाऊक असतं. कान आणि डोळेही तपासून घ्या. नीट ऐकूच आलं नाही, तर लक्षात काय राहणार?

मात्र प्रत्येक विसरणं वयावर ढकलू नका. चष्मा कुठे ठेवला हे विसरणं वेगळं. रोजच्या वाटेवर चुकणं, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, नेहमीची भाजी करायची कशी तेच न आठवणं, हे वेगळं. अशा वेळी डॉक्टरांना दाखवा. बी-१२ ची कमतरता, थायरॉइडचा आजार, मनाची उदासी, अपुरी झोप, काही गोळ्यांचा परिणाम यांमुळेही विसरायला होतं, आणि यांवर इलाज आहे. अचानक, एक-दोन दिवसांत माणूस गोंधळलं, बरळू लागलं, तर ताबडतोब दवाखाना गाठा. रक्तदाब आणि साखर आटोक्यात ठेवा. मेंदूच्या रक्तवाहिन्या त्यानं जपल्या जातात. रोज चालणं आणि चार बायकांत बसणं-उठणंही मेंदूला मानवतं. ज्येष्ठांसाठी सरकारची १४५६७ ही मोफत हेल्पलाइन आहे, ती लिहून ठेवा.

या महिन्याच्या बैठकीत एवढं करून पाहा. वयानं मोठी असलेली बाई हिशेब करत असेल तेव्हा पंखा आणि कॅल्क्युलेटर दोन्ही तिच्याजवळ असू द्या, आणि बाकीच्यांनी पाच मिनिटं गप्प बसा. तिचं काम तिच्याकडून काढून घेण्याआधी तिला तेवढी शांतता देणं आपल्या हातात आहे.