आडवे कोण आले?



विदर्भातील दैनिकांची जिल्हा पाने चाळली, की एक वृत्त वारंवार नजरेस पडते : ‘रोही आडवा आल्याने दुचाकीस्वार ठार.’ अन्यत्र ज्याला नीलगाय म्हणतात, तोच हा रोही. राधानगरी-दाजीपूरच्या बाजूस त्याच्या जागी गवा असतो; रानडुक्कर तर सर्वत्रच आहे. प्राणी व गावाचे नाव तेवढे बदलते, ‘आडवा आला’ हे शब्द मात्र बदलत नाहीत. जणू तो मुका जीव कोणाची तरी वाट अडवण्यासाठीच झुडपात दबा धरून बसला होता!

वस्तुस्थिती उलट आहे. चितळांचे कळप ज्या वाटेने पाणवठ्यावर जातात, ती वाट त्यांच्या कित्येक पिढ्यांनी तुडवलेली असते. नव्या जंगलाच्या शोधात निघालेला तरुण वाघ नाल्याच्या काठाने, झाडोऱ्याच्या आडोशाने चालतो. मानवाचा रस्ता या वाटांवर मागाहून आला. तो येऊ नये असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. गोंदिया-गडचिरोलीच्या रुग्णालाही वेळेत नागपूर गाठता आलेच पाहिजे. प्रश्न आहे तो रस्ता बांधताना त्या जुन्या वाटेची दखल घेतली गेली की नाही, एवढाच.

ती घेतली नाही म्हणजे काय होते? डिसेंबर २०१७ मध्ये नागपूर-अमरावती महामार्गावर बाजारगावजवळ वाहनाच्या धडकेने एक वाघ ठार झाला. बोरच्या जंगलात ‘बाजीराव’ या नावाने पर्यटकांच्या ओळखीचा झालेला तो वाघ होता. ऑगस्ट २०२३ मध्ये गोंदिया-कोहमारा मार्गावर, मुर्डोलीच्या जंगलात, एका तरुण वाघाला मोटारीची धडक बसली आणि त्या जखमांनी तो दगावला. वाघ होता म्हणून देशभर वार्ता झाली. त्याच रस्त्यांवर चिरडल्या जाणाऱ्या चितळ-सांबरांची मोजदाद कोण ठेवतो?

आणि दखल घेतली म्हणजे काय होते, याचेही उदाहरण दूर नाही. नागपूरहून शिवनीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग, पूर्वीचा सात क्रमांकाचा व आताचा चव्वेचाळीस क्रमांकाचा, पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून जातो. त्याच्या चौपदरीकरणाचा वाद न्यायालयात गेला, काम वर्षानुवर्षे रखडले, खड्ड्यांनी प्रवासी बेजार झाले. रस्ता हवा की वाघ, अशी शाब्दिक कुस्ती दोन्ही बाजूंनी मनसोक्त खेळली गेली. अखेर देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या अभ्यासाच्या आधारे मार्ग निघाला. महाराष्ट्राच्या हद्दीत नऊ ठिकाणी रस्ता उचलून घेण्यात आला आणि त्याच्या खालून प्राण्यांना वाट मोकळी ठेवण्यात आली. यातील सर्वांत लहान वाट ५० मीटर रुंद, तर सर्वांत मोठी ७५० मीटर.

‘वाघ काय पाट्या वाचून पुलाखालून जाणार?’ असे तेव्हा कुत्सितपणे विचारले जात असे. २०१९ साली संस्थेने तेथे स्वयंचलित कॅमेरे लावले आणि उत्तर मिळाले. १८ प्रजातींच्या वन्यप्राण्यांनी या वाटा वापरल्याचे आढळले. त्यांत चितळ सर्वाधिक होते आणि वाघ ८९ वेळा टिपला गेला. वर मालमोटारी धावत आहेत, खालून जंगलचा राजा आपल्या चालीने जात आहे. रस्ताही झाला, वाघही राहिला. समृद्धी महामार्गावर तर अशी बांधकामे मूळ आराखड्यातच घेतली गेली. कर्नाटकातील बंदिपूरने वेगळा उपाय केला. तेथे जंगलातील महामार्ग रात्री नऊ ते सकाळी सहापर्यंत वाहतुकीस बंद असतो.

पण प्रत्येक राज्यमार्गावर, प्रत्येक तालुका रस्त्यावर असे पूल बांधले जाणार नाहीत. तेथे उपाय एकच : चालकाचा पाय. येथे थोडे गणित करणे आवश्यक आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाची मोटार सेकंदाला २२ मीटर अंतर कापते. प्राणी दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तर ३३ मीटर तेथेच सरले. त्यापुढे कोरड्या डांबरावर मोटार थांबण्यास आणखी ३५ मीटर लागतात. दिव्याचा खालचा झोत मात्र ५०-६० मीटरच्या पुढे फारसे काही दाखवत नाही. म्हणजे दिसल्यानंतर थांबणे अशक्यच! ताशी ५० वेगाला हीच बेरीज ३५ मीटरवर येते. जंगलपट्ट्यात सायंकाळपासून सूर्योदयापर्यंत पन्नासच्या आत राहावे, हा सल्ला वनखात्याची लहर म्हणून उडवून लावू नये. त्यात कुटुंबाचे प्राण गुंतलेले आहेत. पूर्ण वाढलेला रोही दोनशे किलोंच्या वर भरतो, आणि त्याचे पाय उंच असल्याने धडकेनंतर तो समोरच्या काचेवर येऊन आदळतो. दुचाकीस्वाराला तर काचेचाही आधार नाही.

एक चितळ ओलांडून गेले म्हणजे वाट मोकळी झाली, असे समजू नये; मागे कळप असतो. प्रखर झोताने प्राणी जागीच खिळतो, म्हणून दिवा खाली करावा, वेग कमी करावा. प्राणी समोर आलाच तर ब्रेक दाबावा, पण चाक एकदम वळवू नये. प्राणी वाचवताना मोटार झाडावर वा समोरच्या वाहनावर जाऊन अधिक मोठा अनर्थ होतो.

धडक झाल्यावर पळून जाणे हा आणखी एक रोग. त्याहून लज्जास्पद म्हणजे मेलेले जनावर गाडीत घालून नेणे. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ते शासनाची मालमत्ता ठरते, त्याचे मांस नेणे हा गुन्हा आहे. जखमी प्राण्याभोवती गर्दी करून छायाचित्रे काढू नयेत. घाबरलेला रोही लाथेने माणूस जायबंदी करू शकतो. वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे आणि कळवताना नुसते गावाचे नाव न सांगता किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगावा. कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यात अशा जागांची वही ठेवावी, आणि नव्या महामार्गाची जनसुनावणी होईल तेव्हा ती वही घेऊन तेथे उपस्थित राहावे. प्राण्यांची वाट कोठून जाते, हे आराखडा काढणाऱ्या अभियंत्याला तिच्यातूनच कळेल.