सात महिन्यांची नोकरी
(कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



कारखानदारीची चर्चा निघाली की उत्पादन, गुंतवणूक आणि वेतनकरार यांचाच विचार बहुधा होतो. हंगामी कामावर नव्याने लागलेल्या माणसाचा दिवस कसा उगवतो आणि कसा मावळतो, हा विषय फुटकळ समजून बाजूस ठेवला जातो. वस्तुतः आजच्या औद्योगिक व्यवस्थेचे खरे स्वरूप त्या दिवसातच उघडे पडते.

पुण्याहून नाशिककडे जाणाऱ्या रस्त्यावर कांद्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेले चाकण आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले, आणि पुढे त्याच्या वसाहतींचा पट्टा पिंपरी-चिंचवड, भोसरी ओलांडून चाकण, महाळुंगे, निघोजे, खराबवाडी या गावांपर्यंत पोचला. शेतजमिनीवर कारखाने उभे राहिले आणि उरलेल्या तुकड्यांवर पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा. जालना, बीड, लातूर, बुलढाणा, यवतमाळ अशा जिल्ह्यांतून आलेला तरुण या रांगांतील एखाद्या खोलीत उतरतो. जवळ आयटीआयचे प्रमाणपत्र, आधारकार्डाच्या झेरॉक्स प्रती, दोन छायाचित्रे आणि गावाकडच्या कोणा चुलतभावाचा फोन नंबर एवढे भांडवल असते. ‘दादा, कंपनीत लावून द्या,’ असे तो ज्याला म्हणतो तो कंपनीचा कोणी नसतो. तो ठेकेदाराचा माणूस असतो.

पहिल्या महिन्याचा हिशेब समजून घेण्याजोगा आहे. पाच तारखेला जो कामावर रुजू झाला, त्याचा पहिला पगार पुढच्या महिन्याच्या सात ते दहा तारखेच्या सुमारास हाती पडणार. म्हणजे पस्तीस दिवस त्याने पदरच्या पैशांवर काढायचे. खोलीची अनामत आधी द्यावयाची, मेसचे पैसे महिन्याच्या सुरुवातीस मोजावयाचे, कामावर जाण्यासाठी जाड तळाचे बूट घ्यावयाचे, आणि अनेक ठिकाणी त्या बुटांचे व गणवेशाचे पैसेही पगारातूनच कापले जातात. हे पैसे येतात कोठून? घरच्या कापसाच्या किंवा सोयाबीनच्या पट्टीतून, नाहीतर बहिणीच्या नवऱ्याकडून उसने. शेतीने पोसले नाही म्हणून जो शहराकडे निघाला, त्याच्या पहिल्या महिन्याचे भांडवल शेतीच पुरविते! कारखान्याला हा कामगार फुकट तयार होऊन मिळतो, आणि याची नोंद कोणत्याही ताळेबंदात होत नाही.

खोलीत पाच-सहा जण. पाळ्या वेगवेगळ्या असल्याने एकजण उठतो तेव्हा दुसरा त्याच अंथरुणावर पडतो. रात्रपाळी करून आलेल्याला एप्रिल-मे महिन्यात पत्र्याखाली दुपारी झोप लागत नाही. पाळी आठवड्याने फिरते आणि शरीराला नवी वेळ अंगवळणी पडते न पडते तोच ती बदलते. कामाचे शिक्षण दोन दिवसांत आटोपते, कारण शिकण्यासारखे फारसे ठेवलेलेच नसते. पुढून येणारा भाग उचलायचा, बसवायचा, चार बोल्ट आवळायचे, पुढे सोडायचा. लघवीला जायचे तर जागेवर उभा राहायला बदली माणूस मिळावा लागतो. फिटरचा दोन वर्षांचा अभ्यास केलेल्या मुलाला आठव्या दिवशी कळून चुकते की आपल्या हाताचे कसब येथे कोणाला नको आहे, केवळ हात हवे आहेत. त्याच्या शेजारी तेच बोल्ट आवळणारा कायम कामगार त्याच्या कितीतरी पट पगार घेतो. कित्येक ठिकाणी दोघांच्या गणवेशाचे रंगही वेगळे असतात, म्हणजे दुरूनही कोणाची गफलत होऊ नये.

आणि तरीही त्याच्या गावी आईने पेढे वाटलेले असतात. ‘पोरगं कंपनीत लागलं’ या तीन शब्दांना विवाहाच्या बाजारात किंमत असते. ही नोकरी सात महिन्यांची आहे, हे त्याने घरी सांगितलेले नसते.

सातच महिने का? उत्तर दिनदर्शिकेत आहे. महाराष्ट्रात आदर्श स्थायी आदेशांनी अशी तरतूद केली होती की, बारा महिन्यांत एकूण २४० दिवस काम केलेल्या बदली वा तात्पुरत्या कामगारास कायम करावे. सात महिने म्हणजे सुमारे २१० दिवस. कायद्याच्या उंबरठ्यापाशी आणून माणसाला परत पाठवायचे आणि काही दिवसांनी नव्या कागदावर पुन्हा बोलवायचे, यालाच औद्योगिक वसाहतींत ‘ब्रेक’ म्हणतात. विमा योजनेतही हीच गंमत आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेत कामगाराच्या पगारातून वर्गणी पहिल्या महिन्यापासून कापली जाते, दवाखानाही मिळतो. परंतु योजनेत नव्याने आलेल्या कामगारास आजारपणातील रोख भत्ता मिळण्याचा काळ नियमाप्रमाणे नऊ महिन्यांनंतर सुरू होतो. नोकरी सात महिन्यांची, भत्ता नवव्या महिन्यानंतर!

ही युक्ती नवी नाही. मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगार भल्या पहाटे दरवाजापाशी उभे राहत आणि जॉबरच्या बोटाकडे पाहत. त्याला दस्तुरी दिल्याशिवाय आत जाता येत नसे. ही लाचखोरी आवरण्यासाठी १९३५ साली गिरणीमालकांच्या संघाने बदली नियंत्रणाची योजना आणली. कार्डे आली, पण बदली हा बदलीच राहिला. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात बदली कामगारांना कायम करा, ही एक प्रमुख मागणी होती. मात्र गिरणगावातल्या बदली कामगाराला खानावळवाली उधारीवर जेवू घालीत होती. त्या बायकांनीच १९७५ साली प्रेमाताई पुरव यांच्याबरोबर अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. आजच्या पत्र्याच्या खोलीभोवती असे काही नाही. मेसवाला आगाऊ पैसे घेतो, आणि त्याचे तरी काय चुकले? सातव्या महिन्यात गिऱ्हाईक कोठे असेल हे त्यालाही ठाऊक नसते.

महाराष्ट्राने १९७१ साली जो कायदा केला, त्यात कामगारांना वर्षानुवर्षे बदली, नैमित्तिक वा तात्पुरते ठेवून कायमपणाच्या हक्कांपासून वंचित करणे ही अनुचित कामगार प्रथा ठरविली गेली. देशात असे स्पष्ट शब्द क्वचितच कोणत्या कायद्यात आले असतील. परंतु पळवाट ठेकेदाराच्या रूपाने आली. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, मालक-नोकर हे नातेच वादग्रस्त असेल तर या कायद्याखाली तक्रार चालणार नाही. नाते आधी दुसरीकडे सिद्ध करून यावे. सात महिन्यांच्या कामगाराने न्यायाधिकरणाच्या पायऱ्या किती वर्षे चढायच्या? २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या श्रमसंहितांनी ठराविक मुदतीच्या नेमणुकीला राजमान्यता दिली आणि तिच्यात एक वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटी देऊ केली. हे पाऊल स्वागतार्ह म्हणावे, तर सात महिन्यांत वर्ष भरत नाही.

दोष केवळ मालकाच्या माथी मारून चालणार नाही. कायम कामगारांच्या अनेक संघटनांनी आपल्या सभासदांसाठी भरघोस करार केले आणि त्याच करारांच्या आड हंगामी माणसांची संख्या वाढू दिली. कंत्राटी कामगार हा आपल्या पगारवाढीचा आधार आहे, हे त्या मनोमन जाणत होत्या. उलट उदाहरणही आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये हरियाणातील मानेसर येथे मोटार कारखान्याच्या कायम कामगारांनी कंत्राटी सोबत्यांना परत घ्यावे म्हणून कारखान्यातच ठिय्या दिला. आणि येथेच, महाराष्ट्रात, १९६९ च्या माथाडी कायद्याने हे दाखवून दिले की, ज्याचा मालक रोज बदलतो त्या हमालालाही मंडळात नोंद करून भविष्यनिर्वाह निधी, रजा आणि बोनस देता येतो. हंगामी कारखाना कामगारांसाठी तसे मंडळ का नसावे, हा प्रश्न संघटनांनी गंभीरपणे हाती घेतलेला नाही.

तोवर कार्यकर्त्यांनी करावयाचे काम साधे आहे. महिन्याच्या सात-आठ तारखेला, संध्याकाळी, पाळी सुटण्याच्या वेळी खोल्यांच्या रांगांत जावे. पगाराची पावती मिळते का, ठेकेदाराचे नाव कागदावर आहे का, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक तोच राहतो की दर ब्रेकनंतर नवा काढला जातो, हे विचारावे. नेमणुकीचा कागद मागावा. पुष्कळदा तो कामगाराला दिलेलाच नसतो. गेटपासची छायाप्रत काढून ठेवण्यास प्रत्येकास सांगावे, कारण सातव्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी दरवाजावरचा पहारेकरी सर्वांत आधी तो पास काढून घेतो.