कालव्यावरचा पूल आणि काठावरची नाव

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



नोकरी-व्यवसायानिमित्त आम्ही मंडळी सह्याद्रीचा मुलूख सोडून गंगेच्या मुलखात येऊन राहिलो, त्याला दोन-तीन पिढ्या लोटल्या. गावाकडून पाहुणे आले की आम्ही त्यांना हरिद्वारला गंगास्नानास नेतो. परंतु त्याच गंगेचे पाणी रुडकीवरून पुढे दुआबात नेणारा जो कालवा आम्ही नित्य ओलांडतो, तो व्याख्यानाचा विषय सहसा होत नाही. आज तो व्हावा, अशी आमची इच्छा आहे.

१८३७-३८ साली या प्रांतात भीषण दुष्काळ पडला. त्यानंतर प्रोबी कॉटली या इंग्रज अधिकाऱ्याने गंगेचे पाणी कालव्याने दुआबात आणण्याची योजना पुढे रेटली. १८४२ च्या एप्रिलात खोदाईस आरंभ झाला. गंगेला बांध घालण्यास हरिद्वारच्या पुरोहितांनी हरकत घेतली. तेव्हा प्रवाहासाठी बांधात मोकळी जागा ठेवण्याचे आणि स्नानाचे घाट दुरुस्त करून देण्याचे कॉटलीने मान्य केले. बांधाच्या कामाचा आरंभ त्याने गणेशपूजनाने केला, ही गोष्ट आपणां महाराष्ट्रीयांस विशेष गोड वाटेल. ८ एप्रिल १८५४ रोजी कालव्यात पाणी सुटले. मुख्य कालव्याची लांबी सुमारे ५६० किलोमीटर होती.

पण कालवा जसा जमिनीला पाणी देतो, तसा तो जमिनीचे दोन तुकडेही करतो. घर एका काठाला आणि शेत दुसऱ्या काठाला, अशी शेतकऱ्याची स्थिती होते. नीरेच्या वा मुठेच्या कालव्याकाठी ज्यांचे बालपण गेले, त्यांना हे निराळे सांगावयास नको. पाटापलीकडे भाकरी पोचवायची तर पूल किती दूर आहे, यावर घरच्या बाईचा सारा दिवस ठरतो. म्हणून कालवा खोदणाऱ्यावर पुलाचे ऋण आपोआप येते. गंगेच्या कालव्यावर विटांच्या कमानींचे पूल बांधले गेले आणि कित्येक ठिकाणी त्यांच्या शेजारी पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांचे घाटही आले. बैलगाडीच्या काळातील हे पूल. पुढे कालव्याच्याच पाण्याने ऊस पिकवला आणि उसाने शिगोशीग भरलेल्या ट्रॉल्यांचा भार पुलांवर आला. उत्तरेकडील श्रावण आपल्यापेक्षा पंधरवडाभर आधी लागतो. त्या दिवसांत खांद्यावर कावड घेतलेल्या यात्रेकरूंची रीघ याच कालव्याच्या कडेने चालते.

माणसांप्रमाणे पाण्यालाही पूल लागतो, हे रुडकीच्या परिसरात उत्तम पाहावयास मिळते. हरिद्वार ते रुडकी या टप्प्यात डोंगरातून येणारे ओढे आणि नद्या कालव्याला आडव्या येतात. राणीपूर आणि पथरी येथे पावसाळी ओढे कालव्याच्या डोक्यावरून नेले आहेत. धनौरी येथे रतमऊ नदी कालव्याला समपातळीवर मिळते आणि दरवाजांनी तिचे नियमन होते. आणि सोलानी नदीवर तर कालवाच पुलावरून जातो. पन्नास फुटी गाळ्याच्या १५ कमानी, त्यांवरून वाहणारे गंगेचे पाणी आणि पहाऱ्याला बसविलेले दगडी सिंह, असे ते दृश्य आहे. या बांधकामाची माती वाहण्यासाठी १८५१ साली रुडकीस वाफेचे इंजिन धावले. बोरीबंदर ते ठाणे ही आपली सुप्रसिद्ध गाडी सुटली १६ एप्रिल १८५३ रोजी. उतारूंची पहिली गाडी आपलीच. पण रुळांवरचे इंजिन त्याआधी मातीच्या सेवेत या गावी राबून गेले होते.

आता नावेकडे वळू. गव्हर्नर जनरल लॉर्ड एलनबरो यांचा आग्रह असा की, हा कालवा मुख्यतः नौकानयनासाठी असावा आणि उरलेले पाणी शेतीला द्यावे. सुदैवाने शेती मागे पडली नाही. परंतु नावांचीही सोय झाली. जेथे पाणी धबधब्यासारखे खाली पडते, तेथे बाजूने निराळा पाट काढून दोन दरवाजांचा हौद बांधला. नाव आत घ्यायची, मागचा दरवाजा लावायचा, पाणी हळूहळू सोडून तिला खालच्या पातळीस आणायचे आणि मग पुढचा दरवाजा उघडायचा. युक्ती नामी होती. मात्र कालव्याचा उतार जास्त, प्रवाह वेगवान, आणि त्याच्याविरुद्ध नाव ओढणे कष्टाचे. पुढे रेल्वे आली आणि मालाने तिचा रस्ता धरला. ज्या नावेसाठी एवढा आग्रह झाला, ती गेली. ज्या पुलाचा गाजावाजा कोणी केला नाही, तो मात्र राहिला. कारण पुलाची गरज रोजची होती.

आज कालव्यावर नाव दिसते ती हौसेची आणि व्यायामाची. १८४७ साली स्थापन झालेले रुडकीचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९४९ साली विद्यापीठ आणि २००१ साली आयआयटी झाले. तेथील विद्यार्थ्यांचा बोट क्लब याच पाण्यावर आहे. वल्हे मारण्याने दंडात बळ येते हे खरे, पण त्याहून मोठा लाभ म्हणजे पाणी वाचता येऊ लागते. वरून संथ दिसणारा प्रवाह पुलाच्या खांबापाशी कसा वळतो, भोवरा कोठे पडतो, काठ कोठे निसरडा आहे, हे नावेत बसल्यावाचून उमगत नाही.

आणि आमच्या मते खरा प्रश्न येथेच आहे. पाणी वाचण्याची ही विद्या कोणाला मिळते? दसऱ्याच्या सुमारास सफाईसाठी कालवा बंद होतो, तेवढे दिवस सोडले तर वर्षभर हे वेगवान पाणी गावागावांजवळून वाहत असते. पुलाच्या कठड्यावरून उन्हाळ्यात त्यात उड्या टाकणारी मुले गावची असतात. नावेचे शिक्षण, पोहण्याचा सराव आणि अंगात घालावयाचे तरंगते जाकीट यांची अधिक गरज आहे ती त्यांना. पहिल्या आखणीत शेतकऱ्याच्या सोयीसाठी पूल धरला गेला. आता काठच्या मुलांच्या जिवासाठी नाव धरली गेली पाहिजे. जेथे नौकाविहाराची सोय होईल, तेथे आठवड्यातले काही तास काठच्या गावांतील मुलामुलींसाठी राखून ठेवावेत, अशी मागणी आपण या प्रांताचे रहिवासी म्हणून अवश्य करावी. ज्यांच्या शेजारात आपण सुखाने नांदलो, त्यांच्या लेकरांसाठी एवढा शब्द टाकणे आपले कर्तव्यच आहे.

येत्या सुटीत मुलांना घेऊन सोलानीच्या पुलावर जावे. कमानी मोजाव्यात, सिंह पाहावेत आणि पाण्याचा वेगही दाखवावा. कौतुक आणि सावधगिरी, दोन्ही एकाच वेळी शिकविणारी अशी शाळा दुसरी नाही.