जलसंयम : आग्वाद ते केपटाउन

(महाजनांच्या वार्षिक मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आग्वाद किल्ल्याला हे नाव कोठून लाभले, हे लिसेवमध्ये शिकलेल्या पिढीला सांगावयास नको. 'आग्वाद' म्हणजे गलबतांनी गोडे पाणी भरून घेण्याची जागा. १६१२ साली बांधलेल्या त्या किल्ल्यातील पाण्याचे प्रचंड टाके आजही पाहावयास मिळते. परंतु लिस्बोआहून गोव्याकडे येणाऱ्या समुद्रमार्गावर याच नावाचे आणखी एक ठिकाण होते. १५०३ मध्ये आंतोनियु द सालदान्य या कप्तानाने आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळ नांगर टाकला आणि सपाट माथ्याच्या डोंगरावरून उतरणाऱ्या ओढ्याचे पाणी भरून घेतले. ती जागा 'सालदान्यची आग्वाद' म्हणून ओळखली जाऊ लागली. पुढे १६५२ मध्ये डचांनी तेथेच आपल्या जहाजांना पाणी व भाजीपाला पुरविण्यासाठी ठाणे वसविले. तेच आजचे केपटाउन.

जे नगर पाण्याच्या आधाराने जन्मास आले, त्याच नगरावर २०१८ साली नळ बंद करण्याचा दिवस जाहीर करण्याची पाळी आली.

२०१५ ते २०१७ अशी लागोपाठ तीन वर्षे तेथे पाऊस फारच अपुरा पडला. शहराची भिस्त पावसाने भरणाऱ्या सहा मोठ्या धरणांवर. धरणांतील साठा साडेतेरा टक्क्यांवर आला की बहुतेक घरांचे नळ बंद करावयाचे आणि सुमारे २०० केंद्रांवर रांगेत उभे राहून माणशी २५ लिटर पाणी न्यावयाचे, असे ठरले. त्या दिवसाला 'शून्य दिवस' हे नाव पडले. एका वेळी त्याची तारीख १२ एप्रिल २०१८ अशी सांगण्यात आली होती.

आधी माणशी रोज ८७ लिटरची मर्यादा होती. ती किती पाळली गेली? जानेवारी २०१८ मध्ये नगराध्यक्षांनी सांगितले की ६० टक्के नागरिक ती ओलांडीत आहेत. १ फेब्रुवारीपासून मर्यादा ५० लिटरवर आली. पन्नास लिटर म्हणजे आपल्या तीन बादल्या; त्यात स्नान, स्वयंपाक, धुणीभांडी, शौचालय, सारे काही आले. लोक दोन मिनिटांत स्नान उरकू लागले, पायाशी बादली ठेवून तेच पाणी शौचालयात वापरू लागले. नगरपालिकेने दर वाढविले, नळांचा दाब कमी केला. शेतीच्या पाण्यात मोठी कपात झाली, आणि एका शेतकरी संघाने आपल्या खाजगी धरणांतील पाणी शहरासाठी सोडले. २०१५ मध्ये रोज सुमारे १२० कोटी लिटर पाणी वापरणारे शहर ५२ कोटींच्या आसपास आले. तारीख पुढे पुढे सरकत गेली, जूनमध्ये पाऊस आला, आणि शून्य दिवस उगवलाच नाही.

या यशाची दुसरी बाजू विसरता कामा नये. त्याच शहरातील झोपडवस्त्यांत लाखो लोक सार्वजनिक नळावरून पाणी वाहून आणीत होते. एकंदर पुरवठ्याच्या ५ टक्क्यांहूनही कमी पाणी त्यांच्या वाट्यास येत असे. श्रीमंत वस्तीला जो शून्य दिवस संकट वाटला, तो त्यांचा नित्याचा दिवस होता. २८ जुलै २०१० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पाण्याचा हक्क हा मानवी हक्क म्हणून मान्य केला. तरीही २०२२ साली जगातील सुमारे २२० कोटी लोकांना घरापर्यंत सुरक्षित पिण्याचे पाणी मिळत नव्हते.

यावर कोणी म्हणेल, गोव्यात सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो; आम्हांस याची काय चिंता? त्यांनी ऑगस्ट २०१९ आठवावा. खांडेपारजवळ ओपाच्या मुख्य जलवाहिन्या फुटल्या, आणि बाहेर पावसाळा असताना फोंडा व तिसवाडी तालुक्यांतील घरांत काही दिवस नळ कोरडे राहिले. आकाशातले पाणी आणि घागरीतले पाणी यांत किती अंतर असते, हे त्या दिवसांनी दाखविले.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. येथे वाचविलेली बादली आफ्रिकेतील तहानलेल्या माणसापर्यंत पोहोचणार थोडीच? नाही पोहोचणार. पण एकादशीचा उपवास तरी धान्य वाचावे म्हणून कोण करतो? ज्याने एक दिवस भूक ओळखली, त्याला अन्नाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. जलसंयमाचेही तसेच आहे. पाणी मोजून वापरणाऱ्यालाच दूरच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईच्या डोक्यावरील घागरीचे वजन कळते. केपटाउनच्या नागरिकांना ते सक्तीने शिकावे लागले. स्वेच्छेने शिकण्यास आपणांस अजून अवकाश आहे.

म्हणून एक साधी सूचना विचारार्थ ठेवावीशी वाटते. प्रत्येक महाजन कुटुंबाने महिन्यातील एका एकादशीला माणशी तीन बादल्यांत दिवस काढून पाहावा. जत्रेच्या काळात अग्रशाळेत उतरणाऱ्या मंडळींनीही न्हाणीतील नळ वाहता सोडू नये. लहान मुलांना बादल्या मोजावयास सांगावे. मोजण्याची सवय त्यांना मोठ्यांपेक्षा लवकर लागते.

देवळात तीर्थ पळीभरच मिळते. ते थोडे म्हणून आजवर कोणी तक्रार केलेली नाही. उलट, एक थेंबही खाली सांडू नये म्हणून तळहाताखाली दुसरा हात धरला जातो. तोच दुसरा हात घरच्या नळाखालीही धरला जावो, एवढीच देवाच्या चरणी प्रार्थना.