दानाचे तीन प्रश्न
(न्यासाच्या महोत्सवी सभेत केलेले भाषण)



आपण मला येथे बोलावलेत हा माझा सन्मान आहे. मी आपल्या समाजाचा नाही, व्यापारी तर नाहीच नाही. पेशाने शाळामास्तर. तरीपण या न्यासाचा मी जुना देणेकरी आहे. पदवीच्या वर्गात असताना आपल्या पुस्तकपेढीतून मी तीन वर्षे पुस्तके नेली. वर्षअखेर ती परत करावयाची, एवढीच अट होती. माझे नाव लिहून घेताना ‘कोणत्या समाजाचे?’ असे कोणी विचारले नाही. त्या न विचारलेल्या प्रश्नाचे मोल मला पुढे मास्तर झाल्यावर कळले. आज मी बोलणार आहे ते त्या ऋणाच्या पोटी.

विषय दिला आहे ‘उद्योगपती व त्यांची कुटुंबे यांचे जगद्व्यापी दानकार्य’. विषय मोठा आणि आपला गाव लहान, असे कोणास वाटेल. आपल्या पांढुर्णा-सौंसर या दोन तहसिलींचा मिळून २०२३ साली वेगळा जिल्हा झाला, तरी आपली ओळख अजून संत्र्याची, कापसाची आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत होणाऱ्या गोटमारीची. जगाच्या दानधर्माशी आपला काय संबंध? संबंध आहे, आणि तो नागपूर, वर्धा, अमळनेर या आपल्याच भाषेच्या गावांतून जातो. त्या वाटेने मी आपणांस नेणार आहे. वाटेत दानाला विचारावयाचे तीन प्रश्न लागतील : दान कोठून आले, कोणाला गेले आणि कसे दिले?

पहिला प्रश्न, कोठून आले. नागपूरची एम्प्रेस गिरणी जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केली. आपल्या या कापसाच्या मुलखाच्या उंबरठ्यावरच. टाटांच्या दानाच्या कथा सर्वांना ठाऊक असतात; परंतु मला त्या गिरणीच्या हिशेबवहीतील दोन नोंदी अधिक मोलाच्या वाटतात. १८८६ साली तेथे कामगारांसाठी निवृत्तिवेतनाचा निधी उभारला गेला आणि १८९५ पासून अपघातात जायबंदी झालेल्या कामगारास भरपाई मिळू लागली. कायद्याने तसे बंधन घालण्याच्या पुष्कळ आधीची ही गोष्ट आहे. म्हणजे बाहेर दानशूर म्हणून नाव होण्यापूर्वी त्यांनी आपल्या फाटकाच्या आतले देणे चुकते केले होते.

आपण व्यापारी मंडळी आहात, म्हणून स्पष्ट बोलतो, राग मानू नये. मापात पाप करून मंदिरात किंवा मशिदीत दिवा लावला तर त्या दिव्याचा उजेड कोणाच्याच घरात पडत नाही. संत्र्याचा भाव बागेत ठरवून मंडीत मोडावयाचा, तोडणीच्या मजुराचे चार दिवस लटकवून ठेवायचे, आणि मग वर्षाच्या शेवटी अन्नदान करायचे, हा व्यवहार दानाच्या खात्यावर लिहिता येत नाही. ते परतफेडीच्या खात्यावर लिहावे लागेल, आणि तेही अपुरी परतफेड म्हणून. आमच्या धर्मात जकातीचा दंडक आहे : गरज भागून वर्षभर साठून राहिलेल्या धनाचा चाळिसावा हिस्सा. लहानपणी माझी आई सांगे की, हा गरिबावर उपकार नव्हे. तो त्याचाच वाटा आहे, आपल्याकडे फक्त ठेवायला दिला होता. महात्माजींनी धनिकाला ‘विश्वस्त’ म्हटले, त्यातला अर्थही फारसा निराळा नाही. आणि हाच शब्द, बंधूंनो, आपण आपल्या मंडळाच्या सभासदांसाठी वापरता. तो नुसते पद नाही, ती जबाबदारी आहे.

दुसरा प्रश्न, कोणाला गेले. त्याच जमशेटजींनी १८९२ साली परदेशी जाऊन शिकू इच्छिणाऱ्यांसाठी एक निधी काढला. आरंभी तो त्यांच्या पारशी समाजापुरता होता. दोनच वर्षांत, १८९४ पासून, तो सर्व भारतीयांना खुला झाला. आपल्या माणसांपासून आरंभ करणे यात काही गैर नाही. घरातल्या भुकेल्याला आधी वाढायचे असते. परंतु कुंपण कोठवर ठेवायचे, हे ज्याला वेळेवर कळले त्याचे दान वाढले. शिवाय ही मदत कर्जाऊ होती. शिकून कमावता झालेला विद्यार्थी रक्कम परत करी आणि ती दुसऱ्याच्या कामी येई. घेणाऱ्याची मान ताठ राहिली आणि निधी आटला नाही.

जमशेटजींचे धाकटे चिरंजीव सर रतन टाटा यांनी १९०९ साली दक्षिण आफ्रिकेत गांधीजींनी चालविलेल्या सत्याग्रहासाठी पंचवीस हजार रुपये पाठविले. पुढे ती मदत सव्वा लाखापर्यंत गेली. ना. गोखले यांनी तो प्रश्न येथे लोकांपुढे मांडला होता. आपल्या देशातील एका धनिकाने परक्या भूमीवर हक्कांसाठी झगडणाऱ्या माणसांना हात दिला. १९१२ साली याच रतन टाटांनी लंडनच्या अर्थशास्त्राच्या विद्यापीठीय शाळेला दारिद्र्याच्या कारणांचा अभ्यास करण्यासाठी पैसा दिला. जरा विचार करा. राज्य इंग्रजांचे, आणि इंग्लंडातल्या गरिबीचा शोध घेण्यास द्रव्य हिंदी माणसाचे! पाश्चात्त्य देशांनी द्यावे आणि आम्ही घ्यावे, अशी आपल्या मनाची समजूत झालेली असते, ती किती खोटी आहे, हे या एका उदाहरणाने कळते.

ज्येष्ठ बंधू सर दोराबजी यांची गोष्ट याहून हृद्य आहे. त्यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. १९३२ साली दोराबजींनी त्यांच्या नावाने न्यास स्थापन केला आणि त्या रोगावरील संशोधनासाठी जगातील कोणत्याही देशाच्या संशोधकास त्यातून साहाय्य मिळावे अशी तरतूद केली. मेहेरबाईंजवळ एक प्रख्यात हिरा होता, त्याचे नावच ‘ज्युबिली’. १९२४ साली पोलादाचा कारखाना अडचणीत आला, तेव्हा दोराबजींनी आपली खाजगी मालमत्ता तारण ठेवली, त्यात तो हिराही होता. कारखाना वाचला. पुढे सारी मालमत्ता त्यांनी न्यासाच्या स्वाधीन केली आणि त्याच वर्षी स्वतःही निधन पावले. त्या न्यासाच्या पैशातून १९४१ साली मुंबईस टाटा स्मारक रुग्णालय उभे राहिले. आज आपलाही ज्युबिलीचा दिवस आहे, म्हणून त्या हिऱ्याची आठवण केली. हिरा गळ्यात होता तोवर एका घराची शोभा होता. तो विकला गेला तेव्हा हजारो घरांच्या कामी आला. स्वतःच्या घरातले दुःख जगाच्या दुःखाला जोडणे, हे कुटुंबाच्या दानाचे सर्वात उंच शिखर मी मानतो.

वर्धा तर आपल्याला जवळच. जमनालालजी बजाज यांनी १९२१ साली सरकारची रायबहादुरी परत केली. १९२८ साली वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर, त्यांच्याच घराण्याचे, हरिजनांना खुले केले. पैसा देणे सोपे असते. आपल्या जातभाईंचा रोष पत्करणे अवघड असते. त्यांनी दुसरेही दिले. जानकीदेवींनी अंगावरचे दागिने उतरविले, म्हणजे घरातील स्त्रीही या कामात मागे नव्हती. १९४२ साली जमनालालजी गेले. पुढे त्यांच्या नावाच्या प्रतिष्ठानाने भारताबाहेर गांधीविचाराचे काम करणाऱ्या परदेशी व्यक्तींसाठीही १९८८ पासून पुरस्कार सुरू केला. वर्ध्याच्या पेढीवरून निघालेला प्रवाह असा समुद्रापलीकडे गेला.

आणि कामठीचे डी. लक्ष्मीनारायण? मँगनीजच्या खाणींचे मालक. तेच मँगनीज, जे आपल्या सौंसरच्या मातीतही सापडते. त्यांनी मृत्युपत्राने सुमारे पस्तीस लाखांची संपत्ती नागपूर विद्यापीठाला दिली आणि तीतून १९४२ साली तंत्रशास्त्राची संस्था उभी राहिली. जमिनीतून काढलेले द्रव्य असे विद्येत पेरले गेले.

आता तिसरा प्रश्न, कसे दिले. येथे मला आधी माझाच एक अपराध कबूल केला पाहिजे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका समारंभात गरीब मुलांना स्वेटर वाटावयाचे होते. यादी मी केली आणि मीच ती ध्वनिक्षेपकावरून वाचली. एकेक नाव पुकारले, एकेक मूल वर आले, छायाचित्रे निघाली, टाळ्या झाल्या. त्या यादीत संत्रा तोडणीवर जाणाऱ्या मजुराचा एक हुशार मुलगा होता. तो थंडीचा पूर्ण हंगाम कुडकुडत वर्गात बसला. स्वेटर त्याने एकदाही घातला नाही. शेवटी मी विचारले. तो खाली पाहून म्हणाला, “सर, तो कुठला आहे ते साऱ्यांना ठाऊक आहे.” मी बी.एड. झालो तेव्हा बालमानसशास्त्रावर मोठा निबंध लिहिला होता. त्या मुलाने एका वाक्यात मला नापास केले.

म्हणून अमळनेरची गोष्ट मला फार जवळची वाटते. खानदेशातील हे गाव आम्हा शिक्षकांना साने गुरुजींमुळे वंदनीय. तेथे गिरणी काढणाऱ्या प्रतापशेठांनी १९१६ साली तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाचे मंदिर स्थापन केले. त्याच अमळनेरात १९४५ साली महंमद हाशम प्रेमजी यांनी वनस्पती तुपाचा कारखाना काढला. त्यांच्या पत्नी डॉ. गुलबानू यांनी मुंबईत अस्थिविकाराने पंगू झालेल्या मुलांच्या रुग्णालयासाठी आयुष्य वेचले. १९६६ साली वडील अकस्मात वारले, तेव्हा अमेरिकेत शिकत असलेला एकवीस वर्षांचा मुलगा अझीम शिक्षण अर्धवट टाकून परत आला. त्या तुपाच्या कारखान्यातून पुढे संगणकाचा जगड्व्याळ उद्योग झाला. २०१० साली अमेरिकेतील दोन धनाढ्यांनी, गेट्स आणि बफे यांनी, निम्म्याहून अधिक संपत्ती दान करण्याच्या संकल्पाची चळवळ काढली. तीत २०१३ साली सामील होणारे अझीम प्रेमजी हे पहिले भारतीय. २०१९ पर्यंत त्यांनी आपल्या कंपनीच्या ६७ टक्के भागांचे उत्पन्न प्रतिष्ठानाला लावून दिले. त्याची त्या वेळची किंमत सुमारे १ लाख ४५ हजार कोटी रुपये होती.

हे आकडे आपल्या हिशेबाबाहेरचे आहेत, म्हणून मी ते बाजूस ठेवतो आणि रीत पाहतो. २००१ साली निघालेले हे प्रतिष्ठान मुख्यतः सरकारी शाळा आणि त्यांतील शिक्षक यांच्यासोबत काम करते. चकचकीत नवी शाळा काढून तिच्यावर नाव कोरणे त्यांना सहज जमले असते. त्याऐवजी गावोगावच्या जुन्या शाळेतल्या मास्तरांना हाताशी धरण्याचे काम त्यांनी पत्करले, जे छायाचित्रात दिसत नाही. २०२३ पासून आपल्या राज्याच्या राजधानीत, भोपाळला, त्यांच्या विद्यापीठाचे दुसरे आवार चालू आहे. आणि २०२४ साली त्यांनी मुलींसाठी एक शिष्यवृत्ती काढली. आरंभीच्या निवडक जिल्ह्यांत मध्यप्रदेशातलेही जिल्हे होते. दहावी व बारावी सरकारी शाळेतून उत्तीर्ण होऊन पदवी किंवा पदविकेच्या पहिल्या वर्षास गेलेल्या मुलीला वर्षाला तीस हजार रुपये, अभ्यासक्रम पुरा होईपर्यंत. रक्कम सरळ तिच्या बँकखात्यात जाते. तिला व्यासपीठावर यावे लागत नाही, कोणापुढे हात जोडावे लागत नाहीत. उजव्या हाताचे डाव्या हाताला कळू नये, असे सर्वच धर्म सांगतात. बँकखात्याने ते साधले, हा आपल्या काळाचा एक गुण म्हटला पाहिजे.

आता समारोप करतो. पाहुण्याने यजमानाचे घर झाडू नये म्हणतात. तरी जुना देणेकरी म्हणून तीन विनंत्या करतो. आपल्या न्यासाची मुलींसाठीची शिष्यवृत्ती आज समाजापुरती आहे. महोत्सवाची खूण म्हणून त्यातल्या काही जागा तरी सर्व मुलींना खुल्या कराव्या. पुस्तकपेढी ज्या उदारपणे चालविलीत, तीच रीत येथे आणावी. दुसरे, मदत घेणाऱ्या मुलांची नावे पुकारू नयेत व त्यांची छायाचित्रे काढू नयेत. पुकारायचीच असतील तर देणाऱ्यांची पुकारा. त्यांना थंडी वाजत नाही. तिसरे, शिकून कमावत्या झालेल्यांना आठवणीचे एक पत्र पाठवावे, सक्तीचे नव्हे. जमेल तेवढे त्यांनी परत करावे, दुसऱ्या कोणासाठी.

या तिसऱ्या विनंतीची सुरुवात माझ्यापासून करतो. तीन वर्षांच्या पुस्तकांची आजच्या भावाने होईल तेवढी किंमत मी आजच चिटणीसांकडे दिली आहे. रक्कम लहान आहे. ती पुस्तकपेढीत जावी आणि पुस्तक न्यायला येणाऱ्याला आम्हाला विचारला नव्हता तो प्रश्न पुढेही विचारला जाऊ नये, एवढीच इच्छा.

आपल्या न्यासाला दीर्घायुष्य लाभो.