दर विचारायला लाज कसली?

प्रदर्शनासाठी मुंबईला गेले होते, तेव्हा एका खरेदीदार ताईंनी ताजमहाल हॉटेलात बोलावलं. हॉटेल १९०३ सालचं, आतला हार्बर बार १९३३चा. गावात आडवी बाटली करणारी मी. पाय जड झाले.

मी लिंबूपाणी सांगितलं. ताईंना नाशिकची वाईन हवी होती. त्यांनी आधी विचारलं, "ग्लासचा दर काय? बाटलीचा काय?" ७५० मिलिलिटरच्या बाटलीत १५०चे पाच ग्लास, असा हिशेब करून मगच एक ग्लास मागवला. कुणी हसलं नाही.

मलाही धीर आला. आपल्या बेदाण्याचा दर मी मान वर करून सांगितला.

मैत्रिणींनो, द्राक्षं तोडणारे हात आपलेच. दर विचारताना, सांगताना लाजू नका.