आवाज कुठं अडला, ते आधी शोधा

मी आपल्या बचत गटांची समन्वयक बोलतेय.

आपल्या केंद्राचा आवाज एफएमवर साधारण १०-१५ किलोमीटर जातो. ऊसतोडीला गेलेल्या आपल्या सख्या त्याच्या पलीकडे असतात. लेकराच्या लसीची, कर्जाच्या हप्त्याची माहिती त्यांनाही हवी असते. म्हणून कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग आपण सर्व्हरवर ठेवतो आणि लिंक गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. ती लिंक वाजली नाही, तर बाई म्हणते, “मला मेलीला फोनच कळत नाही.” मग पुढची लिंक ती उघडतच नाही. हे व्हायला नको.

सर्व्हर म्हणजे इंटरनेटला जोडलेला, रात्रंदिवस चालू असणारा कॉम्प्युटर. गावची पाण्याची टाकीच समजा. नळाला पाणी आलं नाही, तर आपण टाकी, पाईप आणि नळ असं एकेक बघतो. इथंही तसंच करायचं.

आधी टाकी. फोनवर ४०४ आकडा आला, तर सर्व्हर सापडला, पण त्या नावाची फाईल तिथं नाही. ४०३ आला, तर सर्व्हर ती फाईल उघडायला परवानगी देत नाही. या दोन्हींत ऐकणारीचा काही दोष नाही. पुष्कळ सर्व्हरना इंग्रजी कॅपिटल आणि स्मॉल अक्षर वेगळं वाटतं. म्हणून फाईलचं नाव छोट्या इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता द्यावं. चढवताना रेंज गेली, तर फाईल अर्धीच चढते. मूळ फाईल किती एमबीची आणि सर्व्हरवरची किती, हे ताडून बघा.

मग पाईप. २० मिनिटांचं भाषण १२८ केबीपीएसवर ठेवलं, तर ते सुमारे १९ एमबी होतं. ६४ वर ठेवलं, तर साडेनऊच्या आसपास. नुसत्या बोलण्याला ६४ पुरतं. निम्मा डेटा वाचतो आणि कमी रेंजमध्ये अडखळणंही कमी होतं.

शेवटी नळ, म्हणजे आपला फोन. दुसरी लिंक वाजते का, ते बघा. ती वाजली, तर फोन आणि रेंज ठीक आहे. व्हिडिओचा आवाज येतो पण चित्र दिसत नाही, असं झालं, तर बऱ्याचदा तो जुन्या फोनला न कळणाऱ्या पद्धतीनं बनवलेला असतो. एमपी४ आणि एच.२६४ ही जोडी बहुतेक फोनवर चालते. काही व्हिडिओंची अनुक्रमणिका फाईलच्या शेवटी असते. मग सुरू व्हायलाच फार वेळ लागतो. हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ‘वेब ऑप्टिमाइझ्ड’वर खूण केली, की ती पुढे येते.

फाईल चढवणाऱ्या मुलींनो, लिंक पाठवण्याआधी ती दुसऱ्याच फोनवर, वायफाय बंद करून, मोबाईल डेटावर उघडा. ज्या फोनवरून चढवली, त्याच फोनवर वाजली म्हणून भागत नाही, तिथं आधीची साठवलेली प्रत वाजू शकते. सुरुवात ऐका, मधूनच पुढे सरकवून बघा, शेवटचं वाक्य ऐका. शेवटची तारीख आणि कुठली कागदपत्रं लागतात, हे बहुधा शेवटीच सांगितलेलं असतं.

आणि ऐकणाऱ्या मैत्रिणींनो, नुसतं “लागत नाही” म्हणू नका. कोणती लिंक, कोणता फोन, कितव्या मिनिटाला थांबलं, डेटा होता की वायफाय आणि पडद्यावर काय आलं, या पाच गोष्टी सांगा. लिहिता येत नसेल, तर आवाजी मेसेज पाठवा. तुमच्या एका निरोपानं बिघाड सापडतो आणि कारखान्यावरच्या पन्नास जणींना कार्यक्रम ऐकायला मिळतो.

येत्या बैठकीत प्रत्येक गटानं दोन फोन समोर ठेवून एक लिंक तपासून बघा.